वेंकटरावांसाठी वाढलेले पान

श्रीमंगलांबिकेसहित श्रीकुंभेश्वरास, आणि ज्यांच्या तर्पणाचे हे दिवस आहेत त्या समस्त पितरांस वंदन करून लिहितो. महालयाचा पंधरवडा चालू आहे. आपले मासिक पुण्याहून आमच्या कुंभकोणास पोहोचेपर्यंत शिळे होते, तरी त्यातले वाचकांचे अमानवीय अनुभव मी कुतूहलाने वाचतो. आणि खरे सांगायचे तर बहुतेकांवर हसतो. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर इकडे आले, तेव्हापासून आमची मराठी येथेच राहिली. ती जुनाट वाटली तर क्षमा असावी.

मी वैदिक ब्राह्मण. प्रेतत्व आणि पितृत्व यांविषयी शास्त्र काय म्हणते ते मी शिकलो, शिकवले आणि मानले. पण एखादी गोष्ट ग्रंथात असणे निराळे, आणि ती भरदुपारी आपल्या डोळ्यांसमोर घडणे निराळे. या दुसऱ्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणाला पिंपळाखाली काही दिसले की मी म्हणत असे — "काल रात्री काय जेवलास ते आधी सांग."

तीन वर्षांपूर्वी जे घडले त्यानंतर मी असे म्हणणे सोडून दिले आहे.

कुंभकोणाहून तिरुविडैमरुदूरकडे जाताना, कावेरीच्या अंगाला, 'पंतांची अरमनै' म्हणून एक वास्तू होती. अरमनै म्हणजे राजवाडा. पंत काही राजे नव्हते. तंजावरच्या दरबारी त्यांनी पिढ्यानपिढ्या कारभार पाहिला, आणि राज्य गेल्यावर दरबाराची हौस मात्र घरी आणली. माझ्या आठवणीत त्या घराला रंग असा नव्हताच. चुना गळून विटा दिसत, आणि सज्जावर उगवलेल्या वडाची मुळे खांबांना विळखा घालून खाली उतरली होती.

घराचे शेवटचे धनी वेंकटराव. जपानी फौजा ब्रह्मदेशात उतरल्या त्याच्या आदल्या वर्षी ते सागवानाच्या व्यवहारासाठी रंगूनला गेले. पुढे तिकडची माणसे पायी चालत, जंगलातून, हाल काढीत परतली. वेंकटराव परतले नाहीत. ते मेल्याची बातमी नाही, ते असल्याचीही नाही. मागे उरल्या त्यांच्या पत्नी सगुणाबाई आणि पुतण्या गोपाळराव. गोपाळराव तिरुभुवनम्‌ला रेशमी लुगड्यांच्या सोसायटीत कारकून होते, बसने जात-येत.

बारा वर्षे लोटली आणि गोपाळराव माझ्या तिण्णैवर — म्हणजे ओट्यावर — येऊन बसले.

"मामा, मेलेल्याचा दाखला नाहीं, जित्याची सही नाहीं. घर विकावें कसें? मागची ओवरी ह्या पावसांत बसली. काकी तिच्याखालीं होत्या असत्या तर?"

"मग माझ्याकडून काय हवे?"

"पर्णनर."

सांगतो. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाची पाने आणि दर्भ यांचा पुतळा करावा, डोक्याच्या जागी नारळ ठेवावा, आणि त्या पुतळ्याला विधिपूर्वक अग्नी द्यावा. त्यानंतर तो माणूस मेला असे धरतात. त्याची पत्नी त्या दिवसापासून विधवा होते.

मी गोपाळरावांना म्हणालो, "तुमच्या काकींना विचारलंत?"

"विचारलें. म्हणाल्या, आधीं शास्त्रीमामांस घेऊन ये."

गेलो. सगुणाबाई मधल्या चौकात सुपारी कातरत बसल्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, नऊवारी नेसलेल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. त्यांचे वडील माझ्याच गुरूंचे सहाध्यायी, त्यामुळे शास्त्र त्यांना ऐकून ऐकून पाठ होते.

"या शास्त्रीमामा. मज विधवा करावयास आलां?"

"तुमच्या अनुज्ञेशिवाय काही करणार नाही, अक्का."

"अनुज्ञा देईन. पण आधीं सगळें घर हिंडा. कुलपें काढून देत्यें. आणि दुपारीं त्यांचें पान वाढलें कीं पाहा. मग 'हा मनुष्य ह्या घरांत नाहीं' असें मज सत्यावर सांगा. तुम्ही सांगितलेंत तर मी आपल्या हातानें कुंकू पुसत्यें. गोपाळा, तूं मधें बोलूं नकोस. तुला आधींच ऑफिसची बस गांठायची घाई."

"आज रजा टाकली आहे, काकी."

"मग आज तरी सावकाश जेव."

पानाचे म्हणणे असे होते. वेंकटराव गेल्यापासून बाई रोज दुपारी दिवाणखान्यामागच्या भोजनगृहात त्यांचा पाट मांडत, केळीचे पान वाढत, आणि दार लोटून बाहेर येत. थोड्या वेळाने उघडत. अन्न जसेच्या तसे असे. ते मग गाईला. परंतु पानाच्या उजव्या बाजूला चित्राहुती घातलेल्या असत.

वाचकांतील तरुणांसाठी लिहितो. मुंज झालेला पुरुष जेवणापूर्वी पानाभोवती पाणी फिरवतो आणि उजवीकडे, जमिनीवर, भाताचे लहान घास ठेवतो. चित्रगुप्ताच्या, यमाच्या, सर्व भूतांच्या नावाने. बायका हे करीत नाहीत. आणि वेंकटरावांना प्रत्येक घासावर अंगठा टेकवायची सवय होती. तो खळगाही तेथे असे, असे बाईंचे म्हणणे.

"जेवीत नाहींत, पण बसतात," त्या म्हणाल्या. "वाटेंत असलेल्या माणसास भूक कुठली?"

गोपाळराव माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "उंदीर असतील." बाईंनी ऐकले. "उंदीर चित्राहुती घालतात तर त्यांची मुंज कोणीं केली?"

आम्ही घर हिंडलो. इतक्या वर्षांत मी कधी चौकाच्या आत गेलो नव्हतो. दरबारच्या दिवाणखान्यात एकसंध सागवानी खांबांच्या दोन रांगा, इतक्या काळ्या आणि गुळगुळीत की हात लावला तर गार पाण्याला लावल्यासारखे वाटे. वरच्या हंड्या-झुंबरांत पारव्यांनी घरटी केली होती; लोलकांवर विष्ठा साचून ते मेणबत्तीच्या ओघळांसारखे दिसत. भिंतींवर विलायती आरसे. त्यांचा पारा सुटला होता, आणि आमची तोंडे त्यांत अर्धीच उमटत होती — गोपाळरावांचे कपाळ, माझा कान. सोन्याच्या वर्खाच्या बाळकृष्णाच्या तसबिरीतून वर्ख गळून नुसता चिंचोक्याचा लगदा उरला होता. देवाचे डोळे मात्र शाबूत होते. बाजूच्या खोलीत एक मेणा, त्याच्या गादीतून कापूस बाहेर आलेला, एक तारा नसलेली वीणा, कड्यांवाचून झोपाळा.

"लहानपणी ह्या मेण्यांत लपलों कीं काका मज शोधूनही न सांपडल्याचें सोंग करीत," गोपाळराव म्हणाले.

वेंकटरावांच्या निजण्याच्या खोलीचे कुलूप गंजून बसले होते. तेल घालून काढले. आत धुळीचा थर अखंड होता. पलंगावर, कोटाच्या खुंटीवर, अत्तराच्या रिकाम्या कुप्यांवर. त्या धुळीत आमच्या पावलांखेरीज दुसरे पाऊल नव्हते. मला त्या वैभवाची भीती वाटली नाही, दया वाटली. श्रीमंती गेली की तिने मागे ठेवलेल्या वस्तूंना कोणी सांगायलाही येत नाही की आता विसावा घ्या.

माध्यान्हीला बाईंनी पान वाढले. भोजनगृहाला दार एकच. खिडक्यांना गज, आणि गजांबाहेर वडाच्या मुळांची जाळी. मी हात घालून पाहिला, बोटे आत शिरली नाहीत. भिंती ठोकल्या, कोपरे पाहिले. बाईंनी पूर्वाभिमुख पाट मांडला, पान ठेवले, भात, वरण, तूप, डांगराचे सांबार वाढले आणि बाहेर आल्या. सर्वांत शेवटी मी बाहेर पडलो. पानाच्या उजवीकडे काही नव्हते, डावीकडे काही नव्हते. हे मी नीट, वाकून पाहिले आहे. दार लोटून आम्ही तिघे उंबऱ्याबाहेर बसलो.

मी विष्णुसहस्रनाम सुरू केले. आतून आवाज आला नाही. वासही आला नाही. फक्त एकदा, पाटावर कोणी बसताना लाकूड करकरते ना, तसे… पण जुन्या घरात लाकूड करकरतेच. गोपाळरावांनी माझा हात धरला होता, हे मला मागाहून कळले.

सहस्रनाम संपल्यावर बाई म्हणाल्या, "आतां जावें. एकट्यानेंच जावें. आणि दिसेल तें सांगावें."

मी आत गेलो. अन्न शिवलेले नव्हते. भातावरचे तूप थिजू लागले होते. पानाभोवती पाण्याची रेघ होती, ओली. आणि चित्राहुती होत्या. प्रत्येक घासावर अंगठ्याचा खळगा.

दारातून बाईंचा आवाज आला, "उजवीकडे आहेत ना, मामा?"

त्या डावीकडे होत्या.

देवकार्य उजवीकडून, पितृकार्य डावीकडून. जिवंत माणूस जेवायला बसताना डावीकडे कधी आहुती घालीत नाही. ती बाजू गेलेल्यांची. पाण्याची रेघही मी खाली बसून पाहिली. जेथे ती सुरू झाली तेथे पाणी जास्त सांडले होते, आणि तेथून बारीक होत ती पानाभोवती उलटी, अप्रदक्षिण फिरली होती.

मला सत्यावर सांगायला सांगितले होते. मी सांगितले, "डावीकडे आहेत, अक्का."

मग गोपाळराव, ज्यांना हेच उत्तर हवे म्हणून ते माझ्याकडे आले होते, ते घाईघाईने म्हणाले, "काकी, आज राहूं द्या. उद्यां पुन्हा वाढून पाहूं. एक दिवस थांबूं."

"उद्यां कशाला? असली गोष्ट माणूस एकदांच सांगतो."

त्या आत आल्या, मागोमाग गोपाळराव. बाईंनी पान दुमडले, स्वतः उचलले. डावीकडचे घास मात्र पदराच्या टोकाने टिपून घेतले आणि किती तरी वेळ मुठीत धरून बसल्या. मग पदरानेच कपाळ पुसले. मला वाटले आता रडतील. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे पाहून, शिष्याने शंका विचारावी तशा स्वरात म्हणाल्या —

"कालपर्यंत उजवीकडे होत्या, शास्त्रीमामा. मग ते आज गेले? की आज तुम्ही त्यांस मेलेले म्हणावयास आलांत, म्हणून गेले?"

आजवर अनेक सभांमध्ये मी अनेकांच्या शंकांची उत्तरे दिली. या प्रश्नावर मी पंचांग उघडले आणि दाहाचा दिवस काढून दिला.

कावेरीच्या वाळूत पर्णनराचा दाह झाला. गोपाळरावांनी अग्नी दिला. पळसाची पाने वाळलेली असूनही फार उशिरा पेटली. घर एका भातगिरणीवाल्याने घेतले. खांब निघाले, आरसे पोत्यांत भरून गेले. सगुणाबाई पुतण्याच्या घरी राहावयास गेल्या. त्याही घरी मुद्दाम एक दिवस पान वाढून पाहिले, असे गोपाळराव सांगतात. पानापाशी काही झाले नाही.

मी पुष्कळ विचार केला. उंदीर अंगठा टेकवीत नाहीत. बाई आमच्याबरोबर बाहेर होत्या. मी स्वतः काही चुकीचे पाहिले म्हणावे, तर ते गोपाळरावांनीही पाहिले. आणि ब्रह्मदेशातून वेंकटरावांविषयी आजतागायत एक अक्षर आलेले नाही. ते त्याच्या बारा वर्षे आधीच गेले होते की त्या दुपारपर्यंत कुठे तरी श्वास घेत होते, हे सांगणारा कोणी नाही.

वार्षिक श्राद्धाची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, "अक्का, मृत्यूची तिथी अज्ञात असली की अमावास्या धरावी, असे वचन आहे."

त्या म्हणाल्या, "अज्ञात कशी? मी दाराशीं बसलें होत्यें."

तेव्हापासून मी त्याच तिथीला त्यांचे श्राद्ध चालवितो.

वाचकहो, ज्या घरात कोणी कोणाची वाट पाहत असेल, त्या घरी तो जाणारा सुखरूप परत येवो. आपल्या पानाच्या उजवीकडे रोज आहुती पडो. आणि आपल्या मुलाबाळांना, लेकीसुनांना श्रीकुंभेश्वर दीर्घायुष्य देवो.