दुपारी सगळ्याच गाड्या शहाण्या

गाडी बिघडली एवढं सांगून राठोडभाऊंचं समाधान होत नसे. "बिघडली म्हंजे काय? आवाज कसा येते, तोंडानं काढून दाखवा," असं म्हणून ते हाताची घडी घालून उभे राहत. समोरचा माणूस आवाज काढेपर्यंत बॉनेटला हात लावत नसत. नेरच्या आमच्या कॉलनीत मी एका मुख्याध्यापकांना गल्लीच्या मधोमध उभं राहून 'टकटकटक, फुस्स' करताना पाहिलं आहे. मग एका हिवाळ्यात आमची गाडी पहाटे सुरू व्हायला कुरकुरू लागली आणि माझीच पाळी आली. जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात लोकांना शांत बसवणारी मी फाटकाशी उभी राहून "खुंऽऽय... खुंऽऽय... खुंऽऽ" करत होते, आणि भाऊ डोळे मिटून ऐकत होते.

"अन् दुपारी?" त्यांनी विचारलं.

"दुपारी एका झटक्यात सुरू होते."

"दुपारी तं सगळ्याच गाड्या शहाण्या असतात, ताई. सकाळी पाहा लागते."

भाऊ आमच्यापासून तिसऱ्या घरात राहत. सरकारी दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवून निवृत्त झालेले. उंच, पांढऱ्या मिशा, बोलायला लागले की थांबणं नाही. गॅरेज असं त्यांचं नव्हतंच. ज्वारीच्या कट्ट्यात, म्हणजे रिकाम्या पोत्यात, पाने आणि पकडी भरून घेऊन यायचे आणि आमच्याच अंगणात पसारा मांडायचे.

सुहासची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, यवतमाळला, सकाळी सातची पाळी. उशीर झाला की ती जागा दुसऱ्या पेशंटला जाई आणि आम्ही दिवसभर बाकावर. त्याच्यासाठीच मी पन्नाशीत गाडी शिकले. पहाटे इंजिन कण्हायला लागलं की सुहास आपल्या बुटांकडे बघत बसे. ते मला बघवत नसे.

इतर लोक म्हणत, थंडीत होतंच तसं. भाऊ तसं म्हणाले नाहीत. "गाडी रस्त्यात बंद पडली तं चार लोक थांबतात. पण घरूनच निघाली नाई, तं कोणाले कळतबी नाई." मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. एका तांड्यावर कळा सुरू झालेली बाई घ्यायला गेले होते आणि ऐन थंडीत ॲम्ब्युलन्स सुरूच होईना. सगळा तांडा धक्का मारायला धावला. बाळ दवाखान्याच्या फाटकातच जन्मलं. "तवा धक्का माराले अख्खा तांडा होता," ते म्हणाले. "आपल्या कॉलनीत पाच वाजता कोण उठते?"

त्यांनी बॅटरीवर ठपका ठेवला. नवी बसवली. दोन-चार दिवस उबदार गेले, गाडी नीट चालली, आणि मग कडाक्याची थंडी पडली त्या पहाटे ती अजिबात सुरू झाली नाही. आवाज ऐकून भाऊ अनवाणीच धावत आले. त्यांनी हमरस्त्यावर उभं राहून यवतमाळकडे जाणारी एक जीप थांबवली, आम्हाला बसवून दिलं. तरी उशीर झालाच. मशीन मिळेपर्यंत दुपार टळली. सुहासचे पाय सुजले होते, धाप लागत होती.

संध्याकाळी परतलो तर भाऊ ओट्यावर वाट पाहत होते. मी खुर्ची पुढे केली, बसले नाहीत.

"माह्यं चुकलं, साहेब. हिवाळा पाह्यला अन् बॅटरीले दोष देऊन मोकळा झालो. पुढचं पाह्यलंच नाई."

सुहास म्हणाला, "भाऊ, तुम्ही जीप थांबवली म्हणून तर पोहोचलो."

"ते राहू द्या. सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी डायलिसिस नव्हतं. गाडी रात्रभर थंडीत उभी. भाऊंनी मला किल्ली फिरवायला सांगितली आणि स्वतः एकेका वायरीला हात लावत गेले. "थांबा! इकडे या. ही धरून पाहा." बॅटरीतून गाडीच्या अंगाला जाणारी जाड काळी वायर होती ती. तेवढ्यात चांगलीच तापली होती.

त्यांनी एक मोकळी केबल बॅटरीच्या त्याच टोकापासून थेट इंजिनला लावली. "आता फिरवा."

इंजिन खाडकन सुरू झालं.

"बॅटरीत जोर होता, स्टार्टरबी चांगला होता. मधची वाटच बुजली होती, ताई." काळी वायर काढली तर वरून धड, आतून हिरवी भुकटी, जिथं बोल्टनं आवळली होती तिथं गंज. थंड इंजिन फिरवायला जड जातं, तेव्हा पुरा करंट लागतो, तो पोहोचत नव्हता. दुपारी थोड्या करंटवरही भागत होतं. भाऊंनी नवी वायर टाकली, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, ग्रीस लावलं. मी पेढे आणले. त्यांनी वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. "आता नाई. उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं होतं. भाऊ घोंगडी पांघरून फाटकात उभे, मागे त्यांच्या पत्नी, कमलाबाई. मी किल्ली फिरवली. एकदाच. इंजिन सुरू झालं आणि एका सुरात चालत राहिलं. सुहासनं वर पाहिलं, माझ्या हातावर हात ठेवला. माझे डोळे भरून आले, आणि मला हसूही येत होतं.

भाऊ मागचं दार उघडून आत बसले. "मी येतो संगं. रस्त्यात काई झालं तं?"

कमलाबाई काचेशी वाकल्या. "नेजा त्याईले, ताई. रातभर जागेच होते. वायर टिकंल का, वायर टिकंल का, एकच धोशा."

आता भाऊ फुलसावंगीकडे, आपल्या तांड्यावर शेती पाहतात. फोन करतात, सुहासची तब्येत विचारतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या पहाटेचा रस्ता येतो. गाव मागे पडायच्या आतच मागून घोरणं ऐकू आलं. सुहासनं वळून पाहिलं. कितीतरी महिन्यांनी तो मोकळेपणी हसला, आणि हळूच म्हणाला, "गतिरोधक आलाय. सावकाश घे, जागे होतील."