आईशी बोलण्यापुरतं स्पॅनिश

ओर्तेन्सिया कोयोय या बाई सव्वीस वर्षं परक्या देशांतल्या माणसांना स्पॅनिश शिकवत आल्या होत्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी इंग्रजीचे वीस शब्दही स्वतःच्या तोंडात येऊ दिले नव्हते. "मला इंग्रजी येतं असं कळलं की शिकणारा आळशी होतो," असं त्या म्हणत.

शेलात, म्हणजे ग्वातेमालातल्या केत्साल्तेनांगो शहरात, मोठ्या चौकामागच्या गल्लीत त्यांची शाळा होती. अंगणात सहा टेबलं, दर टेबलाला दोन खुर्च्या, एक शिकवणारा आणि एक शिकणारा. सकाळी आठला सुरू होई ते एकपर्यंत. शेलातली सकाळ गारठ्याची, म्हणून बाई स्वेटरवर शाल लपेटून बसत आणि पहिला तास संपला की अंगणातच मक्याच्या पिठाचं कपभर गरम आतोल पीत. शिकणारे त्यांना सेन्यो म्हणत. तिकडे बाईंना असंच म्हणतात.

बाईंची स्वतःची भाषा स्पॅनिश नव्हतीच. त्या शेजारच्या आल्मोलोंगा गावच्या. घरात सगळे किचे ही माया लोकांची भाषा बोलत, आई भाजी पिकवून बाजारात विकायची. स्पॅनिश पहिल्यांदा कानावर पडलं ते सातव्या वर्षी, शाळेत. किचेमध्ये पाणी मागितलं म्हणून मास्तरांनी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. त्या पोरीनं मग स्पॅनिशचा असा काही पिच्छा पुरवला की वर्गातली शहरी मुलंही तिच्याकडून शब्द विचारून घेऊ लागली. पुढे लग्न झालं, नवरा लवकर गेला, एक मुलगी राहिली, लिदिया. ती आता औषधाच्या दुकानात कामाला होती.

त्या वर्षी जून उजाडला तरी सहातली चार टेबलं रिकामीच होती. शिकणारा नसेल त्या आठवड्याचा पगार नाही, हा शाळेचा रिवाज. त्यामुळे एका बुधवारी दारात नवरा-बायको आणि दोन मुलं असं अख्खं कुटुंब उभं राहिलेलं पाहिलं, तेव्हा मालक एफ्राइन घाईघाईनं कोट चढवत बाहेर आले.

"बाई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "चार माणसं आहेत. सहा आठवडे राहणार. अँटिग्वा शहरातल्या दोन शाळा बघून आलेत, इथली आमची तिसरी. जरा गोड बोला."

"मी कधी कडू बोलते?"

"ते मला विचारू नका."

कुटुंब अमेरिकेतलं, पार उत्तरेकडच्या दुलूथ गावचं. बायकोचं नाव कॉलीन. तिच्या हातात एक वही होती, त्यात शाळांची नावं आडवी आणि प्रश्न उभे लिहिलेले. घर सुरक्षित आहे का, पाणी उकळून देतात का, मुलांना कोण शिकवणार, चौघं एकाच घरी राहू शकतील का. एफ्राइन सगळ्याला हो म्हणत होते. नऊ वर्षांचा कॅलम अंगणातल्या मांजरामागे गेला. नवरा वेस्ली मात्र खिशात हात घालून नुसता उभा होता. धिप्पाड माणूस, पण दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा.

"तुम्ही एक तास बसून बघा सेन्योंबरोबर, फुकट," एफ्राइन त्याला म्हणाले, आणि कॉलीनला घेऊन वरच्या खोल्या दाखवायला गेले.

वेस्लीबरोबर चौदा वर्षांची मुलगी जेसी बसली. तिनं शाळेत दोन वर्षं स्पॅनिश घेतलं होतं, तेवढ्यावर दुभाष्याचं काम निभणार होतं. त्यानं भरून दिलेला कागद बाईंनी पुढे ओढला आणि नाव वाचलं.

"वेस्ली ओल्गीन."

"हॉल्गिन," त्यानं सवयीनं दुरुस्त केलं.

"नाही हो. आडनावातला पहिला 'ह' नुसता लिहायचा, म्हणायचा नाही. माझ्या नावातही तसंच आहे. ओल्गीन."

जेसीनं ते समजावून सांगितलं.  वेस्ली खाली बघतच म्हणाला, "आई असंच म्हणते. माझ्या आईशिवाय असं कुणी म्हणत नाही."

आणि मग जे काही होतं ते बाहेर आलं. तुकड्यातुकड्यानं, मुलीला मध्ये घालून, शब्द अडला की हातवारे करून. त्याची आई एल्विरा मेक्सिकोतल्या चिवावाकडची. तरुणपणी उत्तरेला आली, तिथेच संसार केला. वेस्ली सहा वर्षांचा असताना शाळेतून निरोप आला, घरी दोन भाषा बोललात तर पोरगा मागे पडेल. त्या दिवसापासून आईनं त्याच्याशी स्पॅनिश बोलणं बंद केलं ते कायमचं. मोडकंतोडकं का होईना, इंग्रजीच बोलायची. आणि आता जानेवारीत तिला पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय सावरले, पण इंग्रजी गेलं ते गेलंच. पंचेचाळीस वर्षांचं इंग्रजी पुसल्यासारखं गेलं. उरलं ते स्पॅनिश, तेही हळूहळू, शोधून शोधून.

"ती शुश्रूषागृहात असते," वेस्ली म्हणाला. "तिथे फरशी पुसायला एक बाई येते, तिला स्पॅनिश येतं. आई दिवसभर दाराकडे बघत असते. मला वाटायचं माझी वाट बघते. नाही. त्या बाईची बघते."

जेसीनं हे वाक्य स्पॅनिशमध्ये सांगायला घेतलं आणि ती अर्ध्यावरच थांबली. बाईंना उरलेलं सांगावं लागलं नाही. त्यांनी आतोलचा कप तिच्यापुढे सरकवला.

थोड्या वेळानं मुलीनंच, विषय बदलावा म्हणून असेल, विचारलं, "सेन्यो, मुलांची वर्ग कुठे भरतो?"

"मुलांचा," बाई म्हणाल्या. "कुठेच भरत नाही. मुलांना शिकवणारं आमच्याकडे कुणी नाही."

"पण मालक म्हणाले की..."

"मालक बोलून गेले असतील."

नेमके तेव्हाच एफ्राइन आणि कॉलीन जिना उतरून आले. कॉलीननं मुलीचा चेहरा पाहिला, काय झालं विचारलं, आणि मुलीनं सरळ सगळं सांगून टाकलं. कॉलीननं वहीत एक फुली मारली. एफ्राइनचे कान लाल झाले.

बाईंनी ठरवून काही केलं नाही. पण एकदा तोंड उघडलंच होतं. त्या जेसीला म्हणाल्या, "पोरी, आता मी सांगते ते जसंच्या तसं आईला सांग. चौघं एका घरात राहू नका. रात्री जेवायला बसलात की इंग्रजी सुरू होणार आणि सहा आठवड्यांनी आलात तसेच परत जाल. तू, तुझी आई आणि भाऊ, तिघं टेकडीखालच्या दुसऱ्या शाळेत जा. तिथे गल्लीतली पोरं खेळायला येतात, तुझा भाऊ चार दिवसांत भांडायला लागेल. भांडता आलं की भाषा आली. तुझ्या वडिलांचं वेगळं आहे. त्यांना व्याकरणाचं पुस्तक नको. ते पुस्तक स्टेशन कुठे आहे ते शिकवतं. यांना आईला कुठे दुखतं ते विचारायचंय. कुठेही गेलात तरी एवढं लक्षात ठेवा."

कॉलीन सगळं लिहून घेत होती. तिनं आभार मानले, बाईंशी हात मिळवला, आणि कुटुंब निघून गेलं.

"झालं समाधान?" एफ्राइन म्हणाले. "चारही गिऱ्हाइकं शेजाऱ्याच्या पदरात टाकलीत. माझ्या नाही, निदान स्वतःच्या पोटाचा तरी विचार करायचा!"

"मालक, मुलांचा वर्ग दाखवा म्हणाले असते तर काय दाखवलं असतंत?"

"तेव्हाचं तेव्हा बघितलं असतं!"

बाईंनी कप धुतला आणि घरी गेल्या. गुरुवारी टेबल रिकामं, शुक्रवारीही रिकामं. गुरुवारी लिदिया येताना बटाट्याचे पाचेस, पानात गुंडाळून उकडलेले, घेऊन आली, आणि सगळं ऐकून म्हणाली, "आई, तुला चतकोर खोटं बोलता आलं असतं तर आपण माडीवर राहिलो असतो."

सोमवारी पावणेआठला वेस्ली एकटाच दारात उभा होता, हातात बॅग. बायको-मुलं टेकडीखालच्या शाळेत गेली होती. त्याला राहायला घर हवं होतं, जिथे कुणालाच इंग्रजी येत नाही असं. बाईंनी त्याला शेजारच्या विधवा दोरोतेआकडे नेऊन सोडलं. दोरोतेआ बहिरटच होती, त्यामुळे तिच्याशी बोलायचं म्हणजे प्रत्येक शब्द स्पष्ट आणि मोठ्यानं म्हणावा लागे. याहून चांगली शाळा कुठली?

शिकवणं अवघड गेलं. बेचाळीस वर्षांच्या माणसाची जीभ वळता वळत नाही. पहिले दोन आठवडे तो घामाघूम व्हायचा, थंडीतसुद्धा. बाईंनी त्याला उशी, पांघरूण, पाणी, औषध, खिडकी असे शब्द दिले. दुखतंय का. कुठे. इथे की इथे. भूक लागली का. मग त्याला बाजारात नेलं, गाजराच्या ढिगासमोर उभं केलं आणि भाव करायला लावला. बायका त्याला हसल्या. तो चिडला. चिडल्यावर पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला, तेही चुकीचं.

"चुकलं," बाई म्हणाल्या, "पण जिवंत होतं."

चौथ्या आठवड्यात एके सकाळी तो टेबलाशी बसला आणि म्हणाला, "सेन्यो, मोकोसो म्हणजे काय?"

"शेंबडा. कुणी म्हटलं तुम्हाला?"

"आई म्हणायची. लहानपणी. काल रात्री दोरोतेआ नातवाला ओरडली आणि मला एकदम..." त्यानं कपाळावर हात ठेवला. त्यानंतर रोज एक-दोन शब्द वर येऊ लागले. सगळे रागावण्याचे नाहीतर लाडाचे. बाई ते कागदावर उतरवून घेत.

त्याच सुमारास त्यानं विचारलं, "तुमची मुलगी किचे बोलते?"

"नाही."

"का?"

बाईंनी शालीचं टोक नीट केलं. "तुमच्या आईनं जे केलं तेच मी केलं. तिला कुणी भिंतीकडे उभं करू नये म्हणून." मग त्या म्हणाल्या, "माझी आई आणि लिदिया एका खोलीत बसल्या की मी मध्ये बसते. मी उठून चुलीकडे गेले की दोघी गप्प."

वेस्लीनं काही समजुतीचं बोलायचा प्रयत्न केला नाही. त्याच्याकडे तेवढे शब्दच नव्हते, आणि ते बरंच झालं.

शेवटच्या शनिवारी फोन लावला. बाई, एफ्राइन, कॉलीन, मुलं, सगळे टेबलाभोवती. पडद्यावर एल्विरा दिसली, पांढऱ्या केसांची, एका बाजूला किंचित ओठ ओढलेली. वेस्लीनं आईला नमस्कार केला, झोप लागली का, पाय दुखतो का विचारलं. मग मुलांकडे बोट करून म्हणाला, "हे बघ, तुझे पातोखो."

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. मग हळूहळू, एकेक शब्द वेचत म्हणाली, "काय म्हणालास? पातोखो? कुठल्या डोंगरातनं बोलतोस रे? आमच्याकडे पोरांना असं कुणी म्हणत नाही!"

"इथे म्हणतात, आई."

"शिकवलं कुणी तुला?"

वेस्लीनं फोन बाईंकडे वळवला. एल्विरानं त्यांना नीट न्याहाळलं. "बाई, माझा मुलगा ग्वातेमालाचा झाला की हो!" ती म्हणाली आणि हसली. हसता हसता रडली आणि पुन्हा हसली. मग तिला बोलायचं होतं. चाळीस मिनिटं ती बोलली, कुठल्याशा विहिरीबद्दल, भावाच्या घोड्याबद्दल, दुलूथच्या पहिल्या हिवाळ्याबद्दल. वेस्लीला निम्मं कळलं. मध्येच तो "हळू बोल, आई," म्हणायचा आणि ती हळू बोलायची.

कुटुंब परत गेलं. एल्विरा पुढे दोन हिवाळे होती. वेस्ली दर महिन्याला बाईंना पत्र लिही, आणि बाई चुका लाल शाईनं सुधारून पाठवत. आई गेल्याचं पत्र आलं त्यातही चुका होत्या. त्या पत्रावर बाईंनी लाल पेन लावलं नाही.

एफ्राइननी पुढच्या हंगामात दारावर पाटी लावली: 'कुटुंबातल्या प्रत्येकाला वेगळं घर, ही आमची खासियत.' कुणी विचारलं तर कल्पना आपलीच आहे असं ते सांगत. बाई हो म्हणत.

आणि लिदिया? त्या फोनच्या दिवशी तीही दुकानातून सुटून आली होती, दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. पुढच्या शनिवारी ती आजीकडे आल्मोलोंगाला जाते म्हणाली, बाईंना न घेता. तीन शनिवार गेली. किचेतले घशातले आवाज काही तिला जमेनात, आजी हसून हसून बेजार. चौथ्या शनिवारी ती कंटाळली, पाचव्यालाही गेली नाही. तेव्हा आजीनं बाजारात आलेल्या शेजारणीच्या हाती मुळ्याची एक जुडी आणि निरोप पाठवला. निरोप किचेमध्ये होता. शेजारीण तो पाठ करून आली होती आणि लिदियासमोर उभी राहून तिनं तो म्हणून दाखवला.

लिदियानं आईकडे पाहिलं. बाईंनी मुळे हातात घेतले आणि मोरीकडे निघाल्या.

"आई, काय म्हणाली आजी?"

"मला काय विचारतेस," बाई पाण्याखाली मुळे धरत म्हणाल्या. "निरोप तुला आहे."

लिदियानं शेजारणीला पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं. हळू.