तीनदा नुसता हललेला डोंगर

बोलता बोलता सिस्टर मध्येच थांबायच्या आणि तळहात टेबलावर सपाट टेकवायच्या. लेस्टरच्या आमच्या वॉर्डात नव्या आलेल्या डॉक्टरांना ते विचित्र वाटे. "सिस्टर, ट्रॉली गेली हो, भूकंप नाही!" कोणी चिडवलं की त्या म्हणत, "आमच्या गावीही आधी ट्रॉलीच वाटते, बाळा."

गाव म्हणजे मॉन्टसेराट, कॅरिबियनमधलं चिमुकलं ब्रिटिश बेट. तिथल्या ज्वालामुखीच्या उतारावर त्यांचा थोरला भाऊ गाजरं पिकवायचा. माणसांच्या आठवणीत तो डोंगर फुटला नव्हता. पण तीसेक वर्षांनी एकदा बेट थरथरायचं. "आजीच्या वेळी हलला, आईच्या वेळी हलला, मी शाळेत असताना हलला. आमच्याकडे वय असंच मोजतात."

ब्याण्णव साली धक्के पुन्हा सुरू झाले. सिस्टरनी भावाला इकडे बोलावलं; त्याने बॅगही भरली. एका रविवारी आमच्याकडे जेवताना त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं?" मी वॉर्डातल्याच थाटात म्हणालो, "हिस्टरी बघा ना. तीन अटॅक, तिन्ही आपोआप शमले. चौथाही शमेल. कशाला उगाच त्याला हलवता?"

"अहो, डोंगराची नाडी कधी बघितलीत तुम्ही?" बायको म्हणाली. सगळे हसलो. सिस्टरही हसल्या. घरी जाऊन त्यांनी भावाला फोन केला : नको येऊस.

तीन वर्षांनी डोंगराचं तोंड उघडलं. तोवर भावाने आणखी जमीन लागवडीला घेतली होती, त्याचा पाय निघेना. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये तापलेली राख उतारावरून धावत आली, तेव्हा तो शेतात होता.

सिस्टर ड्यूटीवर परतल्या. चहाच्या खोलीत कोणीतरी विचारलंच, "आधीच का नाही आणलंत त्याला?" मी कप धरून समोर बसलो होतो. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "हट्टी होता. ऐकलं नाही."

त्यानंतर त्यांचा हात टेबलावर टेकलेला मी पाहिला नाही. आमच्याकडे मात्र त्या जेवायला येत राहिल्या, भरली वांगी मागून घेत राहिल्या. तो विषय एकदाही निघाला नाही. मी निघू दिला नाही.

गेल्या वर्षी त्या गेल्या. चर्चमध्ये त्यांची भाची बोलायला उभी राहिली. "माझे बाबा हट्टी होते. आत्या जीव तोडून बोलावत होती." लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

तिला मराठी येत नाही. म्हणून हे लिहून झालं की तिच्या दारी जाणार आहे. तुझे बाबा हट्टी नव्हते, पोरी. त्यांनी बॅग भरली होती.