शेवटच्या कार्डावरचं भोक

"आजोबा, कार्डाला भोकं पाडणं वेगळं. इथं डोकं लागतं."

सर असं म्हणाले तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझं फोल्डर उघडलेलं होतं. माझं काम. सगळ्या क्लासनं बघावं म्हणून लावलेलं. सर माझ्या धाकट्या पोराहून लहान. पोरंपोरी हसली. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "आजोबांनी सामानाबरोबर घराच्या भिंती पण पाठवल्या!" पुन्हा हसली.

मी अनवाणी उभा होतो. फरशी गार पडली होती एसीनं. क्लासात बाकीचे बूट घालून यायचे. मला मात्र पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, "आजोबा, चप्पल बाहेर." का, ते विचारलं नाही. चाळीस वर्षं मालकाच्या केबिनबाहेर चप्पल काढलेला माणूस मी. पायाला सवय होती.

आता माझी चूक काय झाली ते सांगतो. ती लपवायची नाही मला.

मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात कार्ड पाडायचो. जकार्डच्या मागाला नक्षी कळत नाही, त्याला कार्डाची भोकं कळतात. चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची, एकेका ओळीचं एकेक कार्ड पाडायचं, शेकडो कार्डं दोरीनं ओवली की एका नक्षीचा संच झाला. एक भोक चुकलं की सगळ्या चादरीवर मोराचा डोळा फुटला म्हणून समजा. शाळा चौथीपर्यंत. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. इंग्रजी अक्षरं मी सुताच्या पेट्यांवरची वाचून शिकलो.

मग छोट्या मालकांनी नवीन माग आणले. कार्ड नको, कॉम्प्युटर नक्षी सांगतो म्हणाले. माझ्या हातची कार्डं रद्दीवाल्याच्या टेम्पोत भरली. मी तिथंच उभा होतो. एकानं विचारलं पण नाही, तुला एखादा संच हवाय का म्हणून.

तेव्हा ठरवलं. हा कॉम्प्युटर असं काय सांगतो मागाला, ते बघायचंच. पायथन म्हणून कॉम्प्युटरशी बोलायची भाषा असते, तिच्या क्लासात नाव घातलं. पोरगा म्हणाला, "अण्णा, या वयात कशाला हसं करून घेताय?" मी म्हटलं, "हसू दे की. दात त्यांचे हायत."

मला कमांड पाठ व्हायच्या नाहीत. मग मी त्या चौकटीच्या कागदावर उतरवायला लागलो. एका चौकटीत एक अक्षर. मधली जागा मोकळी सोडायची असेल तर मोकळी चौकट. नक्षी उतरवतो तशी. माझं अक्षर कधी चुकलं नाही. पोरांचं चुकायचं.

मग आला एन्व्हायर्नमेंटचा स्वाध्याय. सर म्हणाले, प्रत्येक कामाला कॉम्प्युटरमध्ये एक वेगळी खोली करायची. त्या कामाची हत्यारं त्याच खोलीत. एका कामाचं हत्यार दुसऱ्या कामात शिरलं तर दोन्ही बिघडतात. पोरांना हे कळायला आठवडा गेला. मला बसल्या जागी कळलं. चारशे सुयांच्या मागाचा संच सहाशेच्या मागावर चढवून बघा, काय होतंय ते. आमच्याकडं ज्याचा संच त्याच्याच खुंटीला. खोली केली, उघडली, हत्यारं आणली, यादी केली, खोली पाडली, यादीवरनं पुन्हा बांधली. दिवसभर तेच. हात बसेपर्यंत.

मी प्रोग्रॅमही केला होता. चौकटीची नक्षी दिली की कुठल्या कार्डावर कुठं भोक, ते सांगायचा. आणि कुठं भोक राहिलं असेल तर तिथं थांबायचा. हा थांबणारा भाग माझ्या डोळ्यातला आहे. चाळीस वर्षांचा.

शेवटचा स्वाध्याय होता त्याचं पॅकेज करायचा. म्हणजे आपलं काम असं बांधायचं की दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नेऊन बसवता यावं. आणि मी काय केलं, तर आख्खी खोलीच बांधली. सगळ्या हत्यारांसकट. कारण आमची रीत तशी. दुसऱ्या कारखान्याला संच पाठवायचा तर दोरी, सुया, जादा कोरी कार्डं, सगळं गाठोड्यात द्यायचं. समोरच्याला कशासाठी अडायला लागू नये. त्यात माणुसकी होती. पण कॉम्प्युटरच्या खोलीत जिथं तिथं माझ्याच कॉम्प्युटरचा पत्ता लिहिलेला असतो. दुसरीकडं नेली की तो पत्ताच सापडत नाही. गाठोडं डोंगराएवढं झालं, आणि चाललं नाही.

तेच सरांनी पडद्यावर लावलं. आणि ते वाक्य बोलले.

मी खाली बसलो. माझ्या शेजारी रेश्मा बसायची, बी.कॉम. झालेली पोरगी, घरात दखनी बोलणारी. एक तीच हसली नव्हती. क्लास सुटल्यावर हळूच म्हणाली, "चाचा, सामान नै भेजते. सामान की चिठ्ठी भेजते." बास. एवढंच. सरांनी तासभर हसून जे सांगितलं नाही, ते तिनं एका वाक्यात सांगितलं. आपलं काम पाठवायचं, आणि काय काय हत्यारं लागतात त्याची चिठ्ठी. समोरचा त्याच्या घरी खोली बांधतो, चिठ्ठीवरनं हत्यारं आणतो.

घरी जाऊन पुन्हा बांधलं. कोरी खोली करून त्यात बसवून बघितलं. चाललं. ती पाडली, दुसरी केली. त्यातही चाललं. मग क्लासात नेऊन रेश्माच्या कॉम्प्युटरवर बसवलं. चाललं. मुद्दाम एक भोक गाळून नक्षी दिली. प्रोग्रॅम थांबला. त्या कार्डाचा नंबर सांगून थांबला.

सर बघत होते. हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात क्लासात छोटे मालक आले. सरांनीच बोलावलेले. त्यांच्या नव्या मागांवर नक्षी चुकत होती, कापड वाया जात होतं, आणि माझा प्रोग्रॅम तशाच चुका पकडत होता. कार्ड गेलं तरी भोकांचा हिशोब तोच. मला बघून म्हणाले, "अरे, हा तर आपला कार्डवाला!" चाळीस वर्षांत त्यांच्या घरातल्या कुणी मला नावानं हाक मारलेली नाही. मुद्दाम असंही नाही. नाव माहीतच नव्हतं.

सरांनी पॅकेज पडद्यावर उघडलं. पॅकेजमध्ये एक फाईल असते. त्यात पॅकेजचं नाव, कितवी आवृत्ती, लागणाऱ्या हत्यारांची चिठ्ठी, आणि एक ओळ असते, हे कुणी लिहिलं. तिथं मी माझं नाव टाकलं होतं. पेटीवरच्या अक्षरांसारखं, एकेक अक्षर जोडून.

त्या ओळीत आता क्लासचं नाव होतं.

मी म्हटलं, "सर, ही ओळ बदलली."

"अण्णा, तुमच्या भल्यासाठीच. लोक विचारतील, शिक्षण किती? चौथी? कोण घेईल मग?" त्या दिवशी मी आजोबाचा अण्णा झालो होतो. "आणि नावाचं काय एवढं? ती ओळ कुणी वाचत नाही."

"कुणी वाचत न्हाय, तर माझं असू द्या की."

छोटे मालक हसत म्हणाले, "कार्डवाला, चादरीवर कधी तुझं नाव होतं का? तेव्हा कधी बोलला नाहीस."

हे लागलं. सरांचं बोलणं कातडीला लागलं होतं, हे आत लागलं. कारण ते खरं होतं.

एक गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. प्रत्येक संचाच्या शेवटच्या कार्डावर, कोपऱ्यात, मी एक जादा भोक पाडायचो. ज्या सुईला दोरा बांधलेला नसतो, त्या जागी. कापडात ते उतरायचं नाही. मागवाल्याला दिसायचं नाही. ती माझी सही. त्यांच्या चादरीला दूर कुठल्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, मोठ्या मालकांनी शाल पांघरून घेतली, मी बाहेर ट्रकापाशी उभा होतो, आणि मनात म्हणत होतो, भोक माझं आहे. चाळीस वर्षं यातच समाधान मानलं. कुणाला दिसणार नाही अशा जागी सही केली, आणि त्याला मी अभिमान म्हणत होतो. ती भीती होती. सगळी कार्डं रद्दीत गेली, त्यांच्याबरोबर भोकंही गेली.

मी म्हटलं, "तवा न्हाय बोललो. ती माझी चूक. आता बोलतोय."

आणि सरांच्या खुर्चीत जाऊन बसलो. ती ओळ पुसली. माझं नाव लिहिलं. पुन्हा पॅकेज बांधलं, सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर. एकही अक्षर चुकलं नाही.

सर म्हणाले, "मग सर्टिफिकेट मिळणार नाही."

"ठिवा तुमच्याकडं."

छोटे मालक म्हणाले, "कारखान्यात बसायला खुर्ची देणार होतो तुला."

"व्हय, दिली असती की. नाव मातर दिलं नसतं."

निघताना दारात लक्षात आलं, चप्पल माझ्या पायातच होती. सकाळी येताना मी ती काढलीच नव्हती. कुणी बोललंही नव्हतं.

सरांकडं जुनी प्रत होती. क्लासच्या नावाची. ती कारखान्यात चालते, असं ऐकतो. चालू दे. माझं पॅकेज मी नेटवर ठेवलंय, कुणालाही उतरवून घेता येईल असं. कसं ठेवायचं ते रेश्मानं दाखवलं, ठेवलं माझ्या हातानं. त्या ओळीत माझं नाव आहे, बापाच्या नावासकट, आणि पुढं 'कार्ड पाडणारा, सोलापूर'.

आता नवीन आवृत्तीला बसलो की कोडला हात लावायच्या आधी ती ओळ बघतो. तिथं भोक नाही पाडत. नाव लिहितो. कुणी पुसलं तर पुन्हा लिहीन, आणि त्याच्या खाली पुसणाऱ्याचंही लिहीन.