लगाम मनगटाला गुंडाळला होता

आज तुंगार्लीच्या वरच्या पठारावर एका सिनेमाचं शूटिंग होतं. घोड्यांवरून पळणारी दरोडेखोरांची टोळी आणि गोळीबार. गोळी लागलेल्या स्वाराला मागून दोराने ओढून घोड्यावरून पाडायचं होतं. दोराची जबाबदारी माझी.

स्वार होते बाळूभाऊ. एरवी ते पर्यटकांना आपल्या याच घोडीवर फिरवतात. त्यांच्या कमरेचा पट्टा, दोर, खालची गादी मी दोनदा तपासली आणि "रेडी" म्हणाले.

उलटी मोजणी दोनवर आली तेव्हा दिसलं, भाऊंनी लगाम मनगटाला गुंडाळला होता. असेच पडले असते तर घोडीमागे फरफटत गेले असते.

"थांबा!" मी ओरडले.

"मॅडम, कट मी म्हणतो!" दिग्दर्शक चिडले.

मी भाऊंकडे गेले. "पडताना लगाम सोडायचा असं ठरलं होतं ना?"

"व्हय. पर आवाजानं घोडी बिचकंल, म्होरं दरी हाय. मी पडलो तर उठीन की. ती गेली तर?"

घोडीला लांब दोर बांधून तो तिथेच उभ्या असलेल्या त्यांच्या धाकट्या भावाकडे दिला, मगच शॉट घेतला. बाळूभाऊ गादीवर पडले आणि पडल्या पडल्या मान वळवून आधी घोडी बघितली.

तीन दिवस तालीम घेतली मी. भीती कशाची वाटते, हे त्यांना एकदाही विचारलं नाही. तुम्ही विचारता?