मोजणाऱ्याची सही

रस्ते संशोधन केंद्रात त्यांना सगळे पंचाहत्तरकाका म्हणत. वयाचा त्यात संबंध नव्हता. वय छप्पन्न होतं, आणि त्यातली चौतीस वर्षं त्यांनी एका हातोड्याच्या संगतीत काढली होती.

काम ऐकायला सोपं होतं. डांबर आणि खडीचं गरम मिश्रण लोखंडी साच्यात भरायचं, वरून साडेचार किलोचा हातोडा दीड फुटावरून पंचाहत्तर वेळा सोडायचा, मग साचा उलटा करून पुन्हा पंचाहत्तर. गार झाल्यावर जो गोल ठोकळा निघेल तो यंत्रात दाबून फोडायचा आणि किती भार सोसून फुटला ते लिहून ठेवायचं. ठोके घालणारं यंत्रही मध्यंतरी आलं होतं. ते तीनदा बिघडलं, काका एकदाही बिघडले नाहीत, तेव्हा यंत्र कोपऱ्यात गेलं आणि त्याच्यावर लोक डबे ठेवायला लागले.

काकांचा आकडा चुकत नसे. मध्येच कोणी हाक मारो, फोन वाजो, पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तर. नोंदीच्या छापील कागदावर तळाशी दोन चौकोन होते, 'ठोके घालणारा' आणि 'मोजणारा'. पहिल्यात काकांची सही असे. दुसरा चौतीस वर्षं कोराच राहिला होता, कारण काकांच्या शेजारी मोजायला माणूस बसवायचा म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं ठरवण्यासारखं होतं. तो कोरा चौकोन हीच काकांची खरी पदवी होती, आणि ते ती मिरवत.

असा हा सरळ माणूस, पण एक खोड होती. भावाचं चांगलं झालेलं त्यांना बघवत नसे. जगात कोणाचंही भलं होवो, काका स्वतः जाऊन तोंड गोड करून येतील. पण धाकट्या भावाचं नाव निघालं की यांच्या घशाखाली घास उतरत नसे. दोघं लहान असताना वडील एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "थोरल्याचे हात चालतात, धाकट्याचं डोकं चालतं." वडील बोलून मोकळे झाले. धाकटा शिकत शिकत गणिताचा प्राध्यापक झाला. थोरला बाविसाव्या वर्षी प्रयोगशाळेत चिकटला आणि ते वाक्य पुढे जन्मभर चघळत बसला.

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. भावाची मुलगी सुट्टीत यांच्याकडे राहायला यायची. पाच वर्षांची असताना ती प्रयोगशाळेत पालथ्या बादलीवर बसून मोठमोठ्यांदा काकांचे ठोके मोजायची. अंक ती तिथेच शिकली. पुढे शाळेतून तक्रार आली की मुलगी पंचाहत्तरपर्यंत धडाधड म्हणते आणि मग परत एकपासून सुरू करते. ही गोष्ट काकांनी निदान दोनशे लोकांना सांगितली असेल. तेवढ्यापुरती ती मुलगी भावाची नव्हती, त्यांची होती.

आता तीच पुतणी एकोणतीस वर्षांची होऊन, मोठी पदवी घेऊन, त्यांच्याच केंद्रात संशोधक म्हणून रुजू झाली. भावाचा फोन आला, "दादा, पोरगी तुझ्या हाताखाली आहे, लक्ष ठेव." कसलं हाताखाली. तिला खोली मिळाली ती काकांच्या खोलीला लागून, खिडकीची. त्या खोलीत काकांनी नऊ वर्षांत केलेले ठोकळे तारखेवार लावलेले होते. ते पोत्यात भरून जिन्याखाली गेले. खुर्चीला चाकं होती. मोठे साहेब दुपारचा चहा तिच्या खोलीत जाऊन घ्यायला लागले, आणि काकांनी चौतीस वर्षांत साहेबांना फक्त उभ्या उभ्या चहा पिताना पाहिलं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं काका मनात म्हणत. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती, कारण ती रोज सकाळी आधी यांच्या खोलीत डोकावून "काका, जेवणाचा डबा आणलात ना?" असं विचारून मगच पुढे जायची. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती, याचाही त्यांना राग येई.

खरी ठिणगी पडली ती रुग्णालयासमोरच्या रस्त्यावरून. तिथे पावसाचं पाणी साचायचं, खालचा खड्डा दिसायचा नाही, आणि रुग्णवाहिका त्यात आदळायची. नगरपालिकेने केंद्राला सांगितलं की चारशे मीटर रस्ता तुम्हाला दिला, तुमचं सगळ्यात चांगलं मिश्रण घाला. टिकलं तर गावभर तेच घालू. काकांचं मिश्रण तयार होतं. जुन्या साहेबांच्या हाताखाली त्यांनी नऊ वर्षं ते घोटलं होतं. चुना, दगडाची भुकटी, बारीक खडी, सगळं इतकं घट्ट की पाण्याचा थेंब आत जाणार नाही. रस्त्यात पाणी शिरलं की रस्ता मेला, हा त्यांचा वेदमंत्र. निवृत्तीआधी आपल्या हातचा एक तरी रस्ता गावात असावा, ज्याच्यावरून भावाला चालवत नेता येईल, एवढंच त्यांना हवं होतं.

पुतणीने मांडलं ते नेमकं उलटं. तिचं म्हणणं, वरचा थर जाळीदार ठेवा, पाणी त्यातून खाली जाऊ द्या, खालचा थर घट्ट करा आणि पाणी कडेच्या गटारात काढा. वर डबकंच साचणार नाही. बैठकीत सगळे माना डोलवत होते. काकांचा तिळपापड झाला. घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं की पोरगी रस्त्याची चाळणी करायला निघाली आहे. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "हेच दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर?" काका म्हणाले, तरी हेच म्हणालो असतो. काकू म्हणाल्या, "आजार रेड्याला आणि औषध पखालीला. भावाचा राग त्या लेकरावर काढू नका." काका त्या दिवशी न जेवता झोपले आणि मग भुकेने जागे राहिले.

साहेबांनी ठरवलं की दोन्ही मिश्रणांचे ठोकळे होऊ देत, ज्याचे उजवे ठरतील त्याचा रस्ता. ठोकळे अर्थात काकाच घडवणार. आपले सहा त्यांनी घडवले, तिचेही सहा घडवले, आणि सगळे अगदी चोख. कागदावर पंचाहत्तर छापलेलं, तेवढेच दोन्ही बाजूंनी. तिचे ठोकळे बाहेर काढले तर खडीच फुटलेली. काळ्या ठोकळ्यात दगडांच्या पांढऱ्या चिरा दिसत होत्या आणि भोकं बुजलेली होती. वर ओतलेलं पाणी तासभर जागचं हललं नाही. काकांचे ठोकळे मात्र भार घेत घेत यंत्राला दमवून फुटले. पुतणी फुटकी खडी हातात घेऊन बराच वेळ बसली होती. काकांना बरं वाटलं, फार बरं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला.

पण साहेब म्हणाले, कल्पना चांगली आहे, तिला अजून एकदा संधी देऊ.

अजून एकदा! काकांचं याआधीचं एक मिश्रण तीन वर्षांपूर्वी एका ठोकळ्यापायी नापास झालं होतं, तेव्हा कोणी 'अजून एकदा' म्हटलं नव्हतं. तेव्हा साहेब म्हणाले होते, काका, निकाल तो निकाल. ज्याचं डोकं चालतं त्याला दुसरी संधी मिळते, ज्याचे हात चालतात त्याला निकाल मिळतो. काका त्या दिवशी घरी गेले ते पायी, आणि वाटेत त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या खेपेला तिचं मिश्रण साच्यात भरलं, हातोडा उचलला, आणि काका पन्नासवर थांबले. साचा उलटा केला. पुन्हा पन्नास. सहाही ठोकळ्यांचं तेच. ठोके कमी पडले की ठोकळा कच्चा राहतो, हाताने चुरडला जातो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? छापील पंचाहत्तरच्या पुढे त्यांनी सही केली. सही रोजच्यासारखीच आली. रात्री मात्र झोपेत ते एक्कावन्न, बावन्न असं पुटपुटत होते, असं काकूंनी सकाळी सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी सगळे जमले. पहिला ठोकळा बाहेर आला तो अखंड. खडी शाबूत, मध्ये बारीक बारीक वाटा. पुतणीने वरून पेलाभर पाणी ओतलं. काका डबक्याची वाट बघत होते. पाणी वर थांबलंच नाही, खालच्या ताटलीत टपटपायला लागलं. यंत्राखाली ठोकळ्याने हवा तेवढा भार घेतला. सहाच्या सहांनी घेतला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं काकांना झालं.

साहेबांनी विचारलं, या वेळी काय बदललं? काकांच्या मनात आलं, आता संपलं. पुतणी उठून उभी राहिली.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "जाळीदार मिश्रणाला पन्नासच ठोके लागतात. पंचाहत्तर घातले की खडी फुटते. मी आधी जिथे होते तिथे यंत्र होतं, आकडा दुसरं कोणी लावायचं, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. इथे कागदावर पंचाहत्तर छापलेलं, मी ते खोडलं नाही. काकांनी ओळखलं."

सगळ्यांनी काकांकडे पाहून टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, याला म्हणतात अनुभव, रस्ता याच मिश्रणाचा, आणि अहवालात काकांचं नाव पहिलं घाला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. तिला चाकं होती. काका बसले आणि त्यांना ती टोचली.

पहिल्या खेपेसारखे पंचाहत्तर घातले असते तर तिचं मिश्रण पुन्हा पडलं असतं आणि रस्ता यांचा झाला असता. नुसतं प्रामाणिक राहायचं होतं. जे चौतीस वर्षं रोज केलं तेच आणखी एक दिवस करायचं होतं. याहून वाईट एकच गोष्ट होती, की त्यांचं पापसुद्धा पोरीने उजळून दाखवलं होतं, आणि त्याबद्दलही त्यांना तिचा हेवा वाटला.

संध्याकाळी ती अहवालाचा कच्चा कागद घेऊन त्यांच्या खोलीत आली. नावांत काकांचं वर, तिचं खाली. काकांनी खिशातली पेन्सिल काढून आपलं नाव खोडलं. तिने विचारलं, का? काकांनी उत्तराऐवजी विचारलं, पन्नास तुला कसे कळले? कागदावर तर मी पंचाहत्तरपुढेच सही केली होती.

"भिंत पातळ आहे, काका. मी अजून मोजते," ती म्हणाली. "सवयच आहे. पन्नासला आवाज थांबला तेव्हा मी उठून येणार होते. मग मनात आलं, काका चुकत नाहीत, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून पुस्तकं काढून बसले आणि सापडलं."

काकांनी हातोडा पुसायला घेतला. टाळ्या त्यांनी पचवल्या असत्या, खुर्चीही पचवली असती. हे पचेना.

"मी काही ओळखलं नव्हतं," ते म्हणाले. "तुझे ठोकळे पडावेत म्हणून थांबलो. मुद्दाम."

तिला आधी वाटलं, काका विनय करताहेत. ती हसायला लागली. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू ओठांवरच विरलं. काकांना वाटलं, ती रडेल, ओरडेल, बापाला फोन लावेल. तसं काही झालं नाही. तिने खोडलेल्या नावाचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

"बाबांना सांगणार नाही," ती म्हणाली. "उद्या रस्त्यासाठीचे शेवटचे बारा ठोकळे आहेत."

काकांनी विचारलं की ते कोणाकडून करून घेणार.

"तुमच्याकडूनच. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही."

दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा ती आधीच त्यांच्या खोलीत होती. पालथी बादली तिने कुठून तरी शोधून आणली होती आणि साच्याजवळ मांडली होती. काकांनी मिश्रण भरलं, हातोडा उचलला. पहिला ठोका पडला तशी ती स्वच्छ आवाजात म्हणाली, एक. काकांनी दुसरा सोडला. दोन. लहानपणी ती प्रत्येक आकड्याला पाय हलवायची. आता पाय जमिनीवर टेकलेले होते, आणि नजर हातोड्यावरून हटत नव्हती. पन्नासला ती थांबली. काकाही थांबले आणि त्यांनी साचा उलटा केला.

बारा ठोकळे झाले. छापील पंचाहत्तर तिने खोडून पन्नास केलं आणि कागद काकांपुढे सरकवला. त्यांनी आपल्या चौकोनात सही केली. मग तिने पेन त्यांच्या हातातून घेतलं आणि शेजारच्या कोऱ्या चौकोनात, 'मोजणारा' लिहिलं होतं तिथे, आपली सही केली.