कडी नसलेलं दार

इंदूरहून धारला येत होतो, बसमध्येच विनूच्या बायकोचा, अनघाचा फोन आला. "दादा, हे गेले," एवढंच बोलली. दीड महिना झाला, पण राग अजून जात नाही. विनू माझा चुलत भाऊ, आठ वर्षांनी लहान. माझ्याआधी जायचं त्याला काय कारण होतं?

त्याला पोहायला मीच शिकवलं, धारजवळच्या बावडीत, पायऱ्यांच्या विहिरीत, कमरेला दोर बांधून. धडा एकच : जीव घाबरला की सरळ वर ये. पुढे तो जहाजावर नोकरीला लागला आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचा नाद लागला. पॅसिफिकमधल्या एका बेटाजवळ महायुद्धात बुडालेलं विमान होतं, हा शहाणा त्याच्या पोटात शिरला. गाळ उसळला, काही दिसेना, आणि आमचे विनू भिया घाबरून सरळ वर! वर विमानाचं छत. डोकं आपटलं, गंज सुटला, होता तो उजेडही गेला. पुन्हा वर, पुन्हा छत... शेवटी सोबत्याने पाय धरून खाली खेचलं. बाहेर पडायची वाट खालून होती.

नोकरी सोडून देवासला आला आणि आधी न्हाणीघराची कडी काढून टाकली. आत असला की "आहे रे" म्हणत राहायचा. पाहुण्यांची पंचाईत व्हायची, मी तर चारचौघांत त्याची टर उडवायचो. कडी काढण्याचं कारण त्याने फार उशिरा सांगितलं. मी म्हणालो, चूक माझीच. तो हसला, म्हणाला, तू बावडीचं शिकवलंस, विमानात मी शिरलो. मला ते आजही पटलेलं नाही.

फुप्फुसं गेली तेव्हा इंदूरच्या दवाखान्यात तोंडावर मास्क घट्ट बांधलेला. तो ओढून काढायचा, छताकडे बघत राहायचा. धीर द्यायला मला येत होतं ते एकच वाक्य, सरळ वर ये... एकदा मास्क सरकवून म्हणाला, "दादा, पाय धर."

धाकट्या भावाचे पाय धरून मी तासभर बसलो. तो शांत झाला. मग भेटीची वेळ संपली म्हणून मला बाहेर काढलं, आणि मी सोडले. सकाळी तो गेला.

परवा देवासला अनघाने न्हाणीघराची नवी कडी हातात दिली, म्हणाली, आता येणारे-जाणारे असतात, बसवून द्या. जुन्या स्क्रूची भोकं तशीच होती. पेचकस घेऊन आत गेलो, दार लोटलं. बाहेर तिची पावलं वाजली आणि माझ्या तोंडून निघालं, "आहे रे."

ती दाराबाहेर थांबली. कडी माझ्याच खिशात धारला आली.